फिरणारा पंखा आणि तापणारे इंजिन: एका क्वाड बाइकचे प्रकरण

तक्रार थोडक्यात अशी होती. सपाट वाटेवर ताशी ४० किलोमीटर वेगाने कितीही वेळ चालवले तरी इंजिन तापत नाही. जागेवर उभे करून चालू ठेवले तरी तापत नाही. मात्र मागे ट्रॉली जोडून लो गिअरमध्ये चढ चढू लागले, की पाचव्या-सहाव्या मिनिटाला तापमानाचा लाल दिवा लागतो. मग थांबावे, इंजिन निवेपर्यंत वाट पाहावी, पुन्हा निघावे आणि पुन्हा थांबावे, असा क्रम मालकांच्या अंगवळणी पडला होता. माझ्याकडे वाहन आले तेव्हा त्यावर तीन वेळा काम झालेले होते, आणि तिन्ही वेळच्या कामाच्या कागदावर एक शेरा समान होता: पंखा चालू आहे.

वाहन ऑल टेरेन प्रकारातले, म्हणजे ज्याला सर्रास क्वाड बाइक म्हणतात ते. इंजिन सुमारे ५०० सीसीचे, एका सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे, इंधन इंजेक्शनचे आणि कूलंटने, म्हणजे आतून फिरणाऱ्या द्रवाने, थंड होणारे. ट्रान्समिशन बेल्टवरचे, स्वयंचलित. पुढच्या बंपरमागे उभा रेडिएटर, आणि रेडिएटरच्या मागच्या अंगाला प्लास्टिकच्या कवचात बसवलेला १२ व्होल्टचा विजेवर चालणारा पंखा. हा पंखा हवा ढकलत नाही, ओढतो. समोरची थंड हवा रेडिएटरच्या जाळीतून खेचून घ्यायची आणि इंजिनाच्या बाजूला सोडायची, असे त्याचे काम आहे. कूलंट ९५ अंश सेल्सिअसला पोचले की सेन्सरच्या संकेतावरून कंट्रोल युनिट रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) चालना देते आणि पंखा लागतो. ८८ अंशांवर उतरले की तो बंद होतो. लाल दिवा १०८ अंशांना लागतो.

आधीच्या तीन खेपांमध्ये थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) बदलला होता, कूलंट दोनदा काढून नवे भरले होते, रेडिएटरची कॅप बदलली होती आणि वॉटर पंप उघडून पुन्हा बसवला होता. पुढची पायरी म्हणून इंजिनाचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडून त्याखालचे गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, बदलण्याचा सल्ला मालकांना मिळाला होता. तो मानण्यापूर्वी आणखी एका माणसाला दाखवावे म्हणून वाहन माझ्याकडे आले.

मंद वेगातली उष्णता

तक्रारीचा उलगडा होण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अशा वाहनाच्या बाबतीत मंद वेग म्हणजे इंजिनाला विसावा नव्हे. अनेकदा ते सर्वांत कष्टाचे काम असते. या प्रकरणातलेच आकडे घेऊ. वाहन, चालक आणि भरलेली ट्रॉली मिळून सुमारे ६५० किलो वजन, चढ साधारण सहास एक, जमीन मऊ, वेग ताशी १२ किलोमीटर. नुसते वजन वर चढवण्यासाठी चाकांशी साडेतीन किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते, आणि मऊ जमिनीतून चाके फिरवण्यात आणखी दीडपावणेदोन किलोवॅट जातात. बेल्ट आणि गिअरमधली घट धरली तर इंजिनाला सहा-साडेसहा किलोवॅट द्यावे लागतात. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग उपयोगी कामाला येतो, तेवढाच धुरावाटे निघून जातो आणि जवळपास तेवढाच कूलंट, तेल व इंजिनाच्या अंगावाटे बाहेर टाकावा लागतो. म्हणजे त्या चढावर रेडिएटरला सुमारे सहा किलोवॅट उष्णता हवेला द्यायची असते. दोन-दोन किलोवॅटच्या तीन शेगड्या सतत पेटत्या ठेवल्यासारखे हे आहे.

आता हवेचा हिशेब. ३४ अंशांची हवा रेडिएटरमधून जाताना ४० अंशांनी तापून बाहेर पडते असे धरले, तर सहा किलोवॅट उष्णता वाहून नेण्यासाठी दर सेकंदाला साधारण १५० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला आठ घनमीटर हवा जाळीतून गेली पाहिजे. या रेडिएटरचे तोंड ३६ बाय २२ सेंटिमीटरचे आहे. ताशी १२ किलोमीटर वेगाने समोरून येणारी हवा सेकंदाला सव्वातीन मीटरची असली, तरी बंपर, पुढची जाळी आणि रेडिएटरच्या दाट पट्ट्या यांच्या अडथळ्यामुळे तिचा बराचसा भाग आत न शिरता बाजूने निघून जातो. आत शिरते ती पाव हिस्सा किंवा त्याहून थोडी कमी. हिशेब केला तर गरजेच्या जेमतेम निम्मी हवा वाहनाच्या चालण्यातून मिळते. उरलेली निम्मी पंख्याने पुरवायची असते. हवा निम्मीच राहिली तर तेवढीच उष्णता नेण्यासाठी ती ४० ऐवजी ८० अंशांनी तापली पाहिजे, म्हणजे ११४ अंशांवर बाहेर पडली पाहिजे. पण हवा कूलंटपेक्षा जास्त तापू शकत नाही. म्हणून मग कूलंटच तापत जाते. रेडिएटरने काम सोडलेले नसते. तो आपला समतोल वरच्या तापमानाला शोधत असतो, आणि तो समतोल लाल दिव्याच्या पलीकडे असतो, इतकेच.

या जातीच्या वाहनांची सुरुवात अशा पंख्याविना झाली, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. १९७० साली होंडाने आणलेले तीनचाकी यूएस ९० आणि १९८२ साली सुझुकीने आणलेले चारचाकी क्वाडरनर एलटी १२५ ही दोन्ही हवेने थंड होणाऱ्या लहान इंजिनांची होती. सिलिंडरवरच्या धातूच्या पट्ट्या पुरेशा ठरत. इंजिने मोठी झाली, त्यांच्याकडून ओढकाम घेतले जाऊ लागले आणि त्यांच्याभोवती प्लास्टिकची आवरणे चढली, तसा रेडिएटर आला आणि त्याच्यामागोमाग पंखा.

निष्फळ ठरलेली तपासणी

पहिल्या दिवशीच्या तपासणीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिच्यातून दोष सापडला नाही. तरी ती व्यर्थही म्हणता येणार नाही. थंड इंजिनावर यंत्रणेत १.१ बार दाब भरून दहा मिनिटे ठेवला. काटा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. कॅपने तोच दाब धरला. रेडिएटरच्या तोंडाशी ज्वलनवायू तपासण्याचे निळे द्रावण लावले. ते निळेच राहिले. हेड गॅस्केटमधून वायू कूलंटमध्ये शिरत असता तर द्रावण पिवळे पडले असते. हेड उघडण्याचा सल्ला इथेच बाद झाला. थर्मोस्टॅट नवा होता आणि वरचा होज वेळेवर गरम होत होता. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे प्रमाण निम्मे-निम्मे आढळले. हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळते, पण १.१ बारची कॅप लागलेली असताना साधारण १२५ अंशांच्या पुढेच. मालकांनी इतके दिवस दिवा लागताच थांबण्याची शिस्त पाळली आणि कॅप धड होती, म्हणून इंजिन वाचले, असे माझे मत आहे.

राहता राहिला पंखा. इंजिन जागेवर चालू ठेवले. ९५ अंशांना रिले टिचकला, पंखा लागला, त्याचा ओळखीचा घरघराट सुरू झाला, तापमान उतरू लागले आणि ८८ ला पंखा बंद झाला. मीही तेच लिहिले: पंखा चालू आहे. तापमान सात अंश उतरायला चार मिनिटे लागली, हा आकडाही लिहून ठेवला. पण तुलनेला दुसरा आकडा समोर नसल्यामुळे त्यातली संथ गती मला खटकली नाही. आधीच्या तिघांची चूक ती माझीही झाली, हे इथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

चढावरची चाचणी

दुसऱ्या दिवशी निदानयंत्र जोडून, तापमानाची नोंद चालू ठेवून, मालकांच्याच ट्रॉलीत त्यांचेच नेहमीचे वजन घालून वाहन चढावर नेले. बाहेरचे तापमान ३४ अंश होते. चढाच्या पायथ्याशी कूलंट ८४ अंशांवर होते. चढ सुरू झाल्यावर ते एकसारखे वाढत तिसऱ्या मिनिटाला ९५ वर पोचले आणि पंखा लागला. इथे आलेख मंदावायला हवा होता. तो मंदावला नाहीच. उलट पंखा लागल्यानंतर त्याचा चढ किंचित तीव्र झाला. त्या क्षणी मला वाटले की वाटच जास्त उभी झाली असावी. सहाव्या मिनिटाला १०८ झाले, दिवा लागला, मी थांबलो.

खरी शंका आली ती परतताना. ट्रॉली वर सोडून, उतार संपल्यावर सपाट वाटेने मी ताशी २० ते २५ किलोमीटरने येत होतो. भार जवळपास नव्हताच. तापमान तोवर ९७ अंशांपर्यंत उतरले होते, पंखा चालू होता, आणि काटा तिथेच अडून बसला. दोन किलोमीटर झाले तरी तो ९७-९८ सोडेना. सकाळी जाताना याच वाटेवर, याच वेगात, पंखा एकदाही न लागता कूलंट ८४ वर राहिले होते. भार उलट हलका, वेग तोच, हवा तीच. तापमान वाढवू शकेल असा फरक एवढाच की आता पंखा चालू होता.

मी थांबलो आणि पंख्याची वीज तोडली. असे करताना नजर सतत तापमानावर ठेवावी लागते; १०५ झाले की लगेच इंजिन बंद करायचे हे मनाशी ठरवले होते. तशी वेळ आली नाही. त्याच वेगाने निघाल्यावर दोन मिनिटांत कूलंट ९० वर आले आणि पुढे ८५ वर स्थिरावले. थंड करणारा पंखा बंद केल्यावर इंजिन थंड झाले होते.

यानंतरची तपासणी अर्ध्या मिनिटाची होती आणि तिला वहीचे एक पान लागले. जागेवर पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या जाळीशी कागद धरला. हवा आत ओढली जात असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. हा कागद हातातून पुढे उडाला. तळवा जाळीसमोर धरला तर गरम झोत हातावर येत होता. पंखा उलटा फिरत होता.

तारा उलट्या कशा लागल्या

तेव्हा कुठे मालकांनी सांगितले की चार-पाच महिन्यांपूर्वी खोल चिखलातून वाहन काढताना पंख्याची मूळ मोटर अडकून जळाली होती आणि तिच्या जागी दुसरी, सर्वसाधारण मापाची मोटर बसवून घेतली होती. हे त्यांनी आधी सांगितले नाही, कारण त्यांच्या लेखी ते काम नीट झालेले होते: नवी मोटर लागली, पंखा फिरू लागला, विषय संपला. तापण्याची तक्रार त्यानंतर लगेच आली असती तर दोन्हींचा संबंध कोणाच्याही लक्षात आला असता. पण ते दिवस थंडीचे होते आणि ट्रॉलीचे काम बंद होते. पंखा क्वचितच लागत असे, आणि लागला तरी त्याचे उलटेपण झाकून जाईल इतपत हवा थंड होती. उन्हाळा आणि ओढकाम एकत्र आले तेव्हा दोष उघडा पडला, आणि तोवर मोटर बदलल्याची गोष्ट जुनी झाली होती.

कायम चुंबकाच्या डीसी मोटरीला धन आणि ऋण टोके अदलाबदल करून जोडली तर ती तक्रार न करता उलट दिशेने फिरते. फ्यूज जात नाही, दिवा लागत नाही, आवाजातही सहज कळेल असा फरक नसतो. नव्या मोटरीच्या दोन्ही तारा काळ्या होत्या. त्यांतल्या एकीवर बारीक पांढरी रेघ होती. रेघ असलेली तार धन समजायची की ऋण, याबाबत सगळीकडे एकच संकेत पाळला जात नाही. शिवाय मूळ प्लग कापून तारा पिळून जोडल्या होत्या, त्यामुळे प्लगच्या आकारानेच चूक अडवण्याची जी सोय कारखान्यात केलेली असते, तीही निघून गेली होती. काम करणाऱ्याने पंखा फिरतो का हे पाहिले. हवा कुठे जाते हे पाहिले नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण कागद उडाल्यावर बघणाऱ्यांपैकी एकाने पाती उलटी बसली असतील असे सुचवले. पात्यांचे चक्र मोटरीच्या दांड्यावर उलटे, म्हणजे पाठ पुढे करून बसवले, तर हवेची दिशा बदलत नाही. उजवा स्क्रू उलटा धरला तरी तो उजवाच राहतो, तसे हे आहे. अशा वेळी हवा योग्य दिशेलाच जाते, पण पात्यांचा बाक आणि पुढची कड चुकीच्या बाजूला पडल्याने कमी जाते. कागद मरगळलेला चिकटतो, उडत नाही. म्हणून कागद उडाला तर तारांकडे पाहावे आणि कागद ढिला चिकटला तर पाती, जाळी किंवा व्होल्टेजकडे.

लक्षणे अशी फसवी का होती

उभे असताना इंजिन का तापत नव्हते, याचे उत्तर भारात आहे. बिनभाराच्या संथ गतीत एवढे इंजिन कूलंटला किलोवॅट-सव्वा किलोवॅट उष्णता देते. तेवढी न्यायला उलटा, दुबळा झोतही पुरतो. मात्र तो दोन कारणांनी दुबळा असतो. पहिले कारण पात्यांचे: त्यांचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असल्याने उलट फिरताना ती बरीच कमी हवा हलवतात. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. उलटा पंखा हवा घेतो ती इंजिनाच्या बाजूची, सिलिंडर आणि सायलेन्सरच्या नळीजवळून तापून आलेली. पंख्यामागे थर्मामीटर धरला तेव्हा ती ५८ अंशांची होती. ९६ अंशांच्या कूलंटला ३४ अंशांच्या हवेशी ६२ अंशांचा फरक मिळाला असता; ५८ च्या हवेशी तो ३८ वर आला. म्हणजे हवा तेवढीच गेली असती तरी उष्णतेची वाहतूक पाच हिश्शांतली तीन हिस्से उरली असती. हवाही कमी, म्हणून ती आणखी खाली. सात अंश उतरायला चार मिनिटे का लागली, ते आता उमगले.

ताशी ४० किलोमीटरला का तापत नव्हते, याचे उत्तर वेगळे आहे. समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी १२ किलोमीटरला तो सहा-साडेसहा पास्कल (दाबाचे एकक), २० ला सुमारे १८, २५ ला २८, आणि ४० ला ७० पास्कल. उलट्या पंख्याचा दाब यांच्या मधोमध कुठेतरी, वीस-तीस पास्कलच्या घरात असावा असे लक्षणांवरून दिसते. ४० च्या वेगात वारा पंख्याला सहज हरवतो, आणि मुळात त्या वेगात कूलंट ९५ पर्यंत जातच नसल्याने पंखा लागण्याची वेळच येत नाही. २० ते २५ च्या दरम्यान मात्र दोघे तुल्यबळ ठरतात. वारा आत ढकलतो, पंखा बाहेर ढकलतो, आणि रेडिएटरच्या जाळीत हवा जवळजवळ उभी राहते. उष्णता काढण्याच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट अवस्था होय.

त्यातून एक विचित्र अडकणूक तयार झाली होती. सपाट वाटेवर पंखा बंद असेल तर तो बंदच राहायचा, कारण वारा पुरेसा होता. पण चढावर एकदा तापमान ९५ ओलांडून पंखा लागला, की सपाटीवर आल्यावरही तो कूलंटला ८८ पर्यंत उतरू देत नव्हता, आणि ८८ झाल्याशिवाय स्वतः बंद होत नव्हता. एकाच वाटेवर, एकाच वेगात, सकाळी ८४ आणि दुपारी ९७ असे दोन स्थिर तापमान दिसण्याचे कारण हेच. चढावर तर दुहेरी नुकसान होते: गरजेच्या निम्मी हवा वाऱ्याने येत होती, आणि उरलेली निम्मी पुरवण्याऐवजी पंखा आलेलीच परत लोटत होता.

मागच्या बाजूची धूळ

तारा बदलून काम संपले असते, पण पंखा उतरवल्याशिवाय प्लग नीट बसवता येईना, आणि उतरवला तेव्हा दुसरा दोष दिसला. रेडिएटरची पुढची बाजू स्वच्छ होती, आणि त्या स्वच्छतेनेच आधी सर्वांना फसवले होते. जाळी धुतलेली आहे, हवा जायला वाट आहे, असे समोरून पाहणाऱ्याला वाटे. मागच्या बाजूला, पंख्याच्या कवचाच्या आत, वाळलेली माती, गवताची कुसळे आणि तेलकट धूळ यांचा नमद्यासारखा थर बसला होता. पंख्याच्या गोलाकाराएवढ्या भागात तो सर्वांत जाड होता. पंखा सुलटा असता तर कचरा पुढून येऊन पुढच्या बाजूला अडकला असता. उलट्या पंख्याने तो इंजिनाच्या बाजूने ओढून मागून जाळीत ठासला होता. म्हणजे पंख्याच्या दिशेचा पुरावा महिनोन्महिने तिथे साठत होता, फक्त तो कोणी न पाहणाऱ्या बाजूला होता.

धुण्याची पद्धतही त्यामुळे उलटी करावी लागली. एरवी रेडिएटर मागून पुढे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जाईल असा धुतात. इथे पाणी पुढून मागे सोडले. माती आधी भिजवून ठेवली आणि साध्या नळीच्या कमी दाबाच्या पाण्याने हळूहळू काढली. धुलाई यंत्राचा जोरदार फवारा जवळून मारला तर पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि मातीने जेवढी वाट अडवली होती तेवढीच आपण अडवतो. थोड्या पट्ट्या आधीच वाकलेल्या होत्या. त्या दात्यांच्या फणीने सरळ केल्या.

तिसरी बाब लहान, पण मोजल्याशिवाय न कळणारी होती. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि चालू पंख्यापाशी फक्त १२.२. मधले १.९ व्होल्ट वाटेत जात होते. पिळलेल्या जोडात थोडे, आणि चॅसिसला जिथे अर्थची तार बोल्टने आवळली होती तिथल्या गंजात आणि रंगात बाकीचे. असा पंखा ढोबळ मानाने व्होल्टेजच्या प्रमाणात फिरतो आणि हवा फेऱ्यांच्या प्रमाणात हलते, म्हणून हे दोन व्होल्ट म्हणजे आठव्या हिश्शाच्या आसपास हवा. अर्थची जागा घासून धातू उघडा केला, नवे टर्मिनल लावले, पिळलेले जोड काढून कूलंट व पाण्याला दाद न देणारा, एकाच बाजूने बसणारा प्लग लावला. नंतर पंख्यापाशी १३.६ व्होल्ट मिळू लागले.

दुरुस्तीनंतर

कागद जाळीला घट्ट चिकटला. जागेवर ९५ पासून ८८ पर्यंत उतरायला आता ७० सेकंद लागले. पंखा ८.४ अँपिअर घेत होता, १५ अँपिअरच्या फ्यूजला ते सोयीचे होते. उलट फिरण्याने मोटरीच्या बेअरिंगला काही झाले असावे अशी शंका होती. आवाज आणि खेळ दोन्ही तपासले, दोष आढळला नाही. वारंवार तापलेल्या इंजिनातले तेल मात्र मुदत शिल्लक असूनही बदलले, आणि कॉम्प्रेशन मोजून घेतले. ते ठीक होते, म्हणून हेडला हात लावला नाही.

मग त्याच चढावर, तीच ट्रॉली, तेच वजन. बाहेर ३५ अंश, म्हणजे आधीपेक्षा एक अंश जास्तच. ९५ ला पंखा लागला, आणि या वेळी आलेख ९८ ला वाकून तिथेच आडवा झाला. माथा येईपर्यंत १४ मिनिटे तो ९६ ते ९८ च्या दरम्यान राहिला. माथ्यावर ट्रॉली सोडून सपाटीला लागल्यावर दीड मिनिटात पंखा बंद पडला.

मालकांना त्यावर एक स्विच हवे होते, पंखा हवा तेव्हा स्वतः चालू करण्यासाठी. ही मागणी अनेक जण करतात आणि मी सहसा तिला उत्तेजन देत नाही. पंखा सतत चालू ठेवल्याने इंजिन गरजेपेक्षा थंड पडेल ही भीती थर्मोस्टॅट धड असेल तर निराधार आहे, कारण तो वेळीच रेडिएटरची वाट बंद करतो. अडचण विजेची आहे. अशा वाहनाच्या चार्जिंग यंत्रणेची क्षमता अनेकदा तीन-चारशे वॅटचीच असते आणि हा एक पंखा त्यातले शंभराहून अधिक वॅट खातो. संथ गतीत, दिवे चालू असताना, उरलेले पुरत नाहीत. मी त्यांना उलट कामाचे स्विच सुचवले: पंखा चालू करणारे नव्हे, थोडा वेळ थांबवणारे. खोल पाण्यात वा चिखलात शिरताना फिरती पाती पाण्यावर आपटून पुढे वाकतात, प्रसंगी रेडिएटरला घासतात, आणि मोटरीवर ताण येऊन ती जळते. त्यांची पहिली मोटर तशीच गेली होती. मात्र बाहेर आल्यावर ते स्विच पूर्ववत करण्याचे विसरले तर तापण्याची तक्रार पुन्हा सुरू होईल, म्हणून त्याच्याशेजारी छोटा पिवळा दिवा बसवला, जो पंखा थांबवलेला असेपर्यंत पेटत राहतो.

दोन महिन्यांनी वाहन नेहमीच्या सर्व्हिसला आले. मधल्या काळात लाल दिवा लागला नव्हता. पंख्याचे कवच सोडवून मागची बाजू पाहिली, ती स्वच्छ होती. धूळ आता रेडिएटरच्या पुढच्या बाजूला होती.